डब्यावरचं औषधपाणी

आमच्या गल्लीत मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा करून वडिलांच्या औषधांच्या दुकानात उभा राहिलो तो अजून उभाच आहे. पण बुधवार पेठेत काउंटरच्या आतल्या बाजूने तुम्ही कुणाला ‘जेवणानंतर घ्या’ एवढं सांगितलंत की तुमचा डॉक्टर होतो, त्याला इलाज नाही. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करत असे. मग कंटाळलो.

खऱ्या डॉक्टरांपेक्षा माझ्यात एक गोष्ट बरी आहे, ती म्हणजे माझं अक्षर. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे काही गिरगटलेलं असतं ते मी पाकिटावर मराठीत लिहून देतो. सकाळी एक, रात्री एक. उपाशीपोटी. दुधाबरोबर नको. घरी गेल्यावर लोक ते अक्षर बघतात आणि मुकाट्याने गोळी गिळतात. आत काय आहे हे त्यांना कुठे माहीत असतं? अक्षर माझं आहे, एवढंच माहीत असतं. या गोष्टीचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

शेजारी चाचांचं घड्याळांचं दुकान. त्यांच्या आजोबांनी काढलेलं. चाचा माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, पण त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना चाचाच म्हणतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते माझ्याकडच्या स्टुलावर येऊन बसत. स्वतःच्या दुकानात म्हणे डोकं दुखतं, सगळीकडून टिकटिक. मी म्हणायचो, “मग भिंतीवरची तेवढी बंद करा.” ते म्हणायचे, “बंद घड्याळं लटकवलेल्या दुकानातून कुणी घड्याळ घेईल का, डॉक्टर?” आमचं बोलणं साधारण याच वाटेने जायचं.

त्या वर्षी गाझावर बॉम्ब पडत होते आणि इकडे रमजान चालू होता. चाचांच्या दुकानात छोटा टीव्ही होता. रोजा असलेला माणूस दुपारी झोप काढतो, पण चाचा टीव्हीसमोरून हलत नव्हते. एकदा मी डोकावलो तर डोळे पुसत बसले होते. म्हणाले, “इस्पितळात औषध संपलंय म्हणतात. पोरांना भूल न देता टाके घालतात.” मी औषध विकणारा माणूस. भूल न देता टाके म्हणजे काय, हे मला कळतं. मी माझ्या काउंटरवर परत आलो.

त्याच आठवड्यात सर आले. सर म्हणजे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, माझं जुनं गिऱ्हाईक, मधुमेहाचे पेशंट आणि प्रत्येक गोळीच्या किमतीवर माझ्याशी तात्त्विक वाद घालणारे. त्यांची चार मित्रांची एक लहानशी संस्था होती. कधी दुष्काळाला, कधी भूकंपाला, अशी ते मदत गोळा करत. स्वतःच्या चहाचे पैसेही संस्थेच्या खात्यातून न घेणारा माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना लबाड ठरवू नये.

“तुमच्या काउंटरवर एक डबा ठेवा,” ते म्हणाले, आणि छापलेला एक कागद माझ्या पुढ्यात टाकला. त्यावर होतं, ‘पॅलेस्टिनी जनतेच्या साहाय्यार्थ.’

मी म्हटलं, “सर, हे कोण वाचणार? साहाय्यार्थ हा शब्द आपल्याकडे फक्त नाटकाच्या तिकिटावर असतो.”

“मग तुम्ही लिहा.”

प्रोटीन पावडरचा एक रिकामा डबा मी धुऊन घेतला, तापवलेल्या सुरीने झाकणाला फट पाडली आणि बाहेर पांढरी पट्टी चिकटवून माझ्या अक्षरात लिहिलं, ‘गाझातल्या मुलांच्या औषधपाण्यासाठी.’ सरांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. “वा! याला म्हणतात मराठी,” म्हणाले. हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

औषधपाणी हा शब्द किती खोल जातो ते मला त्या दिवसांत कळलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की आपण त्याचं औषधपाणी करतो. त्यात गोळी आली, पेज आली, रात्री उठून पांघरूण घालणं आलं. सुट्टे पैसे परत घेताना लोक डब्याकडे बघत आणि खिशात घातलेला हात पुन्हा बाहेर काढत. हिंजवडीला कंपनीत जाणारी मुलं, मंडईत भाजी विकणाऱ्या बायका, समोरचा वायरवाला. कोण बरोबर, कोण चूक, हे कुणीही विचारलं नाही.

चाचा ईदच्या आधी आले. घडी घातलेल्या नोटा त्यांच्या हातात होत्या. “डॉक्टर, ही जकात आहे हां,” ते हळूच म्हणाले.

मी म्हटलं, “कुठल्या नाक्याची?”

पुणेकराला जकात म्हटलं की शहराच्या वेशीवर अडवलेले ट्रकच आठवतात. चाचा हसले नाहीत. मग त्यांनी मला समजावलं. वर्षभर जे साठतं, त्याचा ठरलेला हिस्सा काढायचा असतो. तो दानधर्म नव्हे. तो गरिबाचाच, आपल्याकडे नुसता राहिलेला. तो कुणाला द्यायचा हेही ठरलेलं असतं. भुकेल्याला, आजाऱ्याला, निराधाराला. मशिदीच्या रंगालासुद्धा चालत नाही, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. “दरवर्षी इथेच पुण्यात देतो,” ते म्हणाले. “या वर्षी मन तिकडे गेलं. तुम्ही लिहिलंय औषधपाणी, म्हणून टाकतो.”

सिस्टरांनीही टाकले. सिस्टर म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या परिचारिका. रास्ता पेठेत राहायच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना माझ्याकडे यायच्या. त्या बेने इस्राएल, शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि मराठीच होऊन गेलेल्या ज्यूंपैकी. त्यांच्या घरचा गोड पोह्यांचा मलिदा मी दरवर्षी हक्काने खातो. त्यांचा मुलगा बायकामुलांसह इस्राएलमध्ये, समुद्रकाठच्या अश्दोदला. त्यांनी डब्यावरची पट्टी वाचली तेव्हा मी उगाचच गोळ्यांची पाकिटं लावत राहिलो.

“औषधांसाठीच ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“माझी नातवंडं तिकडे भोंगा वाजला की जिन्याखालच्या खोलीत पळतात,” त्या म्हणाल्या. “आणि तरी...”  पर्स उघडली, नोट टाकली आणि गोळ्या न घेताच निघाल्या. मला हाक मारून परत बोलवावं लागलं.

डबा भरला की सर घेऊन जात आणि रिकामा आणून ठेवत. ईदनंतर काही दिवसांनी त्यांचं प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. पेठेतल्याच एका सभागृहात पॅलेस्टाईनवर चित्रं, नकाशे, माहितीफलक. मी आणि चाचा दुपारी दुकानं बंद करून गेलो. (दुपारी पेठेतली दुकानं तशीही बंदच असतात, आमची दोन सोडली तर. त्यावरचे विनोद सगळे करून झालेत, नवीन असेल तर कळवा.)

प्रदर्शन चांगलं होतं. चाचा प्रत्येक फलकापुढे थांबत होते. जुनी गावं, चाव्या हातात धरलेल्या म्हाताऱ्या, भिंती. मधूनमधून मान हलवत होते. त्यांना त्यातला शब्द न् शब्द पटत होता, हे ध्यानात ठेवा. शेवटी अमुक माल घेऊ नका, तमक्या कंपनीवर बहिष्कार टाका, सरकारने धोरण बदलावं, असं आवाहन होतं, आणि दाराशी गुळगुळीत कागदाची देखणी पुस्तिका फुकट मिळत होती.

दाराजवळच आभाराचा फलक होता. छापखान्याचे आभार, सभागृहाचे आभार, आणि ठळक अक्षरात, ‘हे प्रदर्शन व पुस्तिका ज्यांच्या देणग्यांतून साकार झाली, त्या बुधवार पेठेतील औषध दुकानाच्या ग्राहकांचे विशेष आभार.’

चाचांनी ते दोनदा वाचलं. मग शेजारच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला वळलो तर त्यांनी माझी बाही धरली.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “माझी जकात भिंतीला चिकटवलीय.”

मला राग आला की माझे कान गरम होतात. ते परत दुकान उघडेपर्यंत गरम होते. सर संध्याकाळी गोळ्या घ्यायला आले. प्रदर्शनाच्या गर्दीमुळे ते खुशीत होते. मी सरळच म्हटलं, “सर, चाचांची जकात होती त्या डब्यात.”

“जकात?” ते गोंधळले. “ती तर महापालिकेने बंद केली ना?”

एरवी मी यावर महिनाभर हसलो असतो. त्या वेळी मी सगळं समजावून सांगितलं, आवाज जमेल तेवढा खाली ठेवून. सरांनी ऐकून घेतलं. मग हातातली पिशवी काउंटरवर ठेवली, म्हणजे आता व्याख्यान येणार.

“औषध का संपलं, हे न सांगता औषध पाठवत राहायचं का?” ते म्हणाले. “आज तुम्ही पट्ट्या पाठवाल, उद्या पुन्हा बॉम्ब पडतील, परवा पुन्हा पट्ट्या. जखम होऊच नये म्हणून बोलणं हे औषधपाणी नाही? देवीचा रोग काय मलमांनी गेला? आणि कारण न बोलता नुसती मदत करणं हीसुद्धा एक भूमिकाच असते, बरं का. मुकी भूमिका.”

यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही मला ते थोडंफार पटलं होतं, आणि म्हणूनच राग वाढला.

“सर, माझ्याकडे कुणी खोकल्याचं औषध मागायला आलं,” मी म्हटलं, “आणि त्याचे पैसे घेऊन मी त्याच्या हातात खोकला का होतो याची पुस्तिका ठेवली, तर तुम्ही मला काय म्हणाल? पुस्तिका चांगली असेल. छपाई उत्तम असेल.”

“माझ्या कागदावर साहाय्यार्थ होतं,” सर म्हणाले. “साहाय्यात सगळं येतं. औषधपाणी तुम्ही लिहिलंत.”

“आणि तुम्ही ‘वा’ म्हणालात.”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.  मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी म्हटलं, “तुम्ही बोला ना. खुशाल बोला. चौकात उभे राहा, पोस्टरं लावा, त्यासाठी डबा ठेवा आणि त्यावर प्रचार असंच लिहा. मी अक्षर काढून देतो. ज्याला पटेल तो टाकेल. पण आजारी पोराला पुढे करून मागायचं आणि नंतर त्या पोराच्या नावाने भाषण करायचं, याला काय म्हणायचं? गणपतीची वर्गणी घेऊन स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या की आपण सगळे मंडळांच्या नावाने बोटं मोडतो. हे त्याहून वेगळं कसं?”

सरांनी पिशवी उचलली. गोळ्या विसरून गेले. त्या मी दुसऱ्या दिवशी घरी पोचवल्या, कारण राग वेगळा आणि साखर वेगळी.

सिस्टरांना मी स्वतःच सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “फलकांवर काय होतं?” मी सगळं सांगितलं. एका फलकावर इस्राएलमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच घुसखोर म्हटलं होतं, तेही सांगितलं.

“म्हणजे माझ्या पैशाने माझ्याच नातवंडांना,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. “पण डॉक्टर, आमच्याकडेही तेच. मागे परदेशातल्या एका संस्थेने इस्राएलमधल्या रुग्णवाहिकेसाठी मागितले होते. मी दिले. नंतर कळलं, त्यातून कॉलेजातल्या मुलांची शिबिरं घेतली. वादात समोरच्याला कसं गप्प करायचं याची. मी कळवलं की माझी रुग्णवाहिका मला दाखवा. उत्तर आलं, आभारी आहोत, आपला पाठिंबा असाच राहू द्या.” त्या थोडं हसल्या. “दोन्हीकडचे लोक इतके सारखे आहेत, भांडतात कशाला कोण जाणे.”

पुढच्या महिन्यात सर आले आणि काउंटरवर एक पाकीट ठेवलं. पेन्शनमधले होते. प्रदर्शनाला डब्यातलं जेवढं गेलं तेवढं त्यांनी स्वतःचं भरलं होतं. “माझं मत मी माझ्या पैशाने मांडायला हवं होतं,” म्हणाले. माफी काही मागितली नाही. “बाकी माझं म्हणणं तेच आहे,” हेही वर सांगितलंच. सिस्टरांना त्यांचे परत दिले, त्यांनी ते घेतले. ज्यांनी सुटे पैसे टाकले होते ते शोधणं शक्य नव्हतं. राहिलेली रक्कम आम्ही तिथल्या दवाखान्यांना औषधं पाठवणाऱ्या एका मोठ्या संस्थेकडे पाठवली. तिने त्याचं काय केलं, ते तिलाच ठाऊक.

चाचांनी मात्र सरांची वाट बघितली नव्हती. मौलवींना विचारून त्यांनी जकात पुन्हा काढली होती. मौलवी म्हणाले होते, यावर मतं वेगवेगळी आहेत, पण मनात शंका आली असेल तर पुन्हा दिलेली बरी. ती त्यांनी कोंढव्यातल्या एका विधवेला दिली. सरांच्या पाकिटातले त्यांच्या वाट्याचे मी दिले, तेव्हा तेही तिलाच नेऊन दिले. मी म्हटलं, “चाचा, हे तरी तिकडे पाठवायचे होते.”

“नको,” ते म्हणाले. “इथे मी जाऊन बघू शकतो.”

मला त्या उत्तराचा फार त्रास झाला, आणि अजून होतो. सरांचं प्रदर्शन पाहून किती लोकांची मतं बदलली, मला ठाऊक नाही. एका माणसाचं झालेलं नुकसान ठाऊक आहे. टीव्हीसमोर बसून रडणारा, आयुष्यात पहिल्यांदा आपला हात समुद्रापलीकडे पोचवू बघणारा माणूस, त्याने हात आखडून घेतला. त्याचं मत आधीपासूनच सरांच्या बाजूचं होतं. त्याला पटवण्यासाठी एकाही फलकाची गरज नव्हती.

डबा मी काढून टाकला. त्या जागी घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्यांची बरणी ठेवली.

मग मधे बरीच वर्षं गेली. सर गेले. चाचांच्या दुकानात मुलगा बसू लागला आणि भिंतीवर स्मार्ट घड्याळं आली, जी टिकटिकत नाहीत. तरीही चाचा दुपारी माझ्याच स्टुलावर यायचे. आणि मग पुन्हा तेच सुरू झालं, आधीपेक्षा कितीतरी भयंकर. सुरुवातीला इस्राएलवरच्या हल्ल्यात सिस्टरांच्या नातवाच्या ओळखीची मुलं मारली गेली. त्यानंतर गाझात जे झालं, ते चाचा आता फोनवर बघत. या वेळी मला सरांची फार आठवण आली. चौकात उभं राहून बोलणारं कुणीतरी हवं होतं असं वाटलं, आणि त्यांचं म्हणणं मी इतक्या फटकन उडवायला नको होतं, असंही.

एके दुपारी सिस्टर गोळ्या घेत होत्या आणि चाचा काठी टेकत आले. बरणीकडे बघून म्हणाले, “डबा नाही ठेवला या वेळी?”

“कोण टाकणार?” मी म्हटलं. “तुम्ही टाकाल?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, “जुलाबावरची ती पावडर असते ना, पाण्यात घालायची. तिचा खोका द्या. अख्खा.”

मी ओआरएसचा खोका काढून ठेवला. त्यांनी पैसे दिले आणि खोका माझ्याकडेच सरकवला. “हे तिकडे पाठवता येईल? पैसे नाही, हेच. याचं कुणी पोस्टर करू शकणार नाही.”

 पोस्टाने, कुरियरने, कशानेच ते जाणार नव्हतं. सीमेवर ट्रकच्या ट्रक उभे होते, तिथे बुधवार पेठेतला एक खोका कोण सोडणार? मी सिस्टरांकडे बघितलं.

“माझ्या मुलाच्या घरापासून ते गाडीने तासाभरावरही नाही,” त्या म्हणाल्या. “त्याच्याकडे पाठवलं तरी पुढे जाणार नाही, चाचा.”

 चाचांनी खोक्यावरून हात फिरवला, घड्याळाची काच पुसावी तसा.

“मग ठेवा इथेच,” ते म्हणाले. “कुणाचं पोर आजारी असेल त्याला द्या. वर लिहा.”

“काय लिहू?”

“तेच. पण गाझा लिहू नका.”

मी पट्टी चिकटवली आणि फक्त ‘औषधपाणी’ एवढंच लिहिलं. सिस्टरांनी अक्षर बघितलं आणि अजून तसंच आहे म्हणाल्या. उन्हाळा होता, गल्लीत पोरांना जुलाब होतच होते. बाया आल्या, पाकिटं घेऊन गेल्या. एक्सपायरी यायच्या कितीतरी आधी खोका संपला. त्यातलं एकही पाकीट तिकडे गेलं नाही.